ओनोरिनाची छाटणी

सांता लुझियात ओनोरिना बेर्तानबद्दल चांगलं बोलणारं माणूस मिळालंच नसतं असं नाही, पण त्याला आधी थोडा विचार करावा लागला असता. बाई कामाला वाघ. तिच्या हातचं चीज पठारावर नावाजलेलं. सफरचंदाच्या बागांत छाटणी सुरू झाली की बायकांच्या टोळीत तिची ओळ सगळ्यांच्या आधी संपायची. पण तोंड असं, की समोरच्याने "आज ऊन बरं पडलंय" म्हटलं तरी ही म्हणणार, "तुला काय त्याचं, तू उठतोसच दुपारी."

तिचा नवरा देल्विनो तिच्या अगदी उलट. तो रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की चर्चच्या सभागृहामागच्या मातीच्या पट्टीवर बोचा खेळायचा. लाकडी गोळे टाकायचे, कुणाचा जवळ पडला यावर वाद घालायचा, संध्याकाळी घरी यायचं. बायकोच्या तोंडाबद्दल कुणी काही म्हटलंच तर तो गोळ्यावरची माती पुसत बसायचा.

ओनोरिनाचं असं एकच काहीतरी गावात होतं, आणि ते म्हणजे रस्त्यापासून चर्चच्या पायरीपर्यंतची ओर्तेन्सियाच्या फुलझाडांची दुतर्फा रांग. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने माहेरच्या परसातून काड्या आणून लावल्या होत्या. डिसेंबरात, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, सांता लुझियाचा सण यायचा तेव्हा छातीइतकी उंच झुडपं निळ्या गुच्छांनी अशी भरायची, की खालच्या शहरांतून आलेली माणसं गाड्या थांबवून फोटो काढायची. ओनोरिना तेव्हा चर्चच्या भिंतीशी उभी असायची, जणू तिचा काही संबंधच नाही. पण प्रत्येक शब्द ती ऐकत असायची.

रांगेची छाटणी ती एकटीच करायची आणि तिचा एक नेम होता. उन्हाळ्यातले गुच्छ वाळून तपकिरी झाले तरी हिवाळाभर काढायचे नाहीत. त्या वाळक्या गुच्छाच्या खाली काडीवर दोन जाड डोळे असतात आणि पुढच्या डिसेंबरचं फूल त्यातच असतं. थंडीत ते डोळ्यांना झाकतात म्हणून ती त्या वाळक्या गुच्छांना टोपरी म्हणायची. सप्टेंबरातली शेवटची थंडी सरली, की मग टोपरं काढायचं, डोळ्यांच्या जरा वर कात्री लावायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. गुपित म्हणून नव्हे. कुणी विचारलंच नव्हतं.

एका वर्षी सणाच्या कमिटीचं काम मार्लिझेच्या घराकडे आलं. मार्लिझेच्या नवऱ्याचं रस्त्यावर खताबियाण्याचं दुकान होतं. ती ओनोरिनाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. एक काळ असा होता की अंजिराचा मुरंबा दोघी एकाच पातेल्यात करायच्या. मग मार्लिझेकडे चर्चच्या गायकवृंदाचं काम आलं आणि एका तालमीला ती सगळ्यांसमोर म्हणाली, "कोमाद्रे, तू मागच्या ओळीत जा. तुझ्या आवाजात बाकीच्यांचा ऐकूच येत नाही." ओनोरिना मागच्या ओळीत गेली नाही. ती थेट दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली, आणि त्या दिवसापासून गाणी सुरू झाली की ओठ असे घट्ट मिटायची की फादरसुद्धा वेदीवरून तिच्याकडे बघायचे.

ऑगस्टातला एक रविवार. हिवाळा सरला नव्हता, पण आठवडाभर पठारावर उन्हाळ्यासारखी ऊब होती, माणसं कोट खांद्यावर टाकून आली होती. मिस्सा संपल्यावर मार्लिझेने माइक हातात घेतला.

"सणाच्या जाहिरातीसाठी फोटो काढायचाय," ती म्हणाली. "आणि वाटेवरच्या त्या तपकिरी चिंध्या आता बघवत नाहीत. शनिवारी सगळ्यांनी कात्र्या घेऊन या. तासाभराचं काम आहे."

दाराजवळून आवाज आला, "चिंध्या कुणाला म्हणतेस?"

"फुलांना म्हणतेय, कोमाद्रे. तू का अंगाला लावून घेतेस?"

"त्या रांगेला कात्री लावायची तर मी लावीन."

"मग लाव की. आम्ही वाटच बघतोय. शनिवारपर्यंत झालं नाही तर आम्ही करू. झुडपं चर्चची आहेत, तुझ्या परसातली नाहीत."

लोक हसले. फार नाही, पण हसले.

तेव्हा ओनोरिनाने एकच वाक्य बोलायचं होतं, की थंडी अजून गेलेली नाही. तेवढ्याने भागलं असतं. बागांत काम करणारी निम्मी माणसं तिथे बसली होती, त्यांनी माना डोलवल्या असत्या. पण मार्लिझेला समजावून सांगायचं म्हणजे तिच्यापुढे हात पसरायचे, असं तिला वाटलं. ती उठून बाहेर गेली.

शनिवार उजाडायच्या आधीच तिने रांग छाटली. देल्विनो तिला डबा द्यायला आला तेव्हा अर्धी वाट झाली होती आणि जमिनीवर वाळक्या गुच्छांचा ढीग पडला होता.

"इतक्यातच टोपरी काढतेस?" तो म्हणाला.

"तुला खेळायला जायचं असेल ना? जा."

"आज कुठला खेळ. मी विचारलं फक्त."

"मग विचारू नकोस."

तो डबा पायरीवर ठेवून गेला. ती छाटत राहिली. तिला कळत होतं. हात चालू असतानाच कळत होतं. काही वर्षी थंडी परतत नाही, असं ती स्वतःला सांगत होती. मधमाश्या तर आत्ताच फिरायला लागल्यात. आणि जसजसा राग चढत गेला तसतशी कात्री खाली खाली जात गेली. जिथे नुसतं टोपरं काढायचं तिथे हातभर काडी गेली, जुन्या जाड काड्या बुडापासून गेल्या. मार्लिझेला कापायला तिथे काही म्हणजे काही शिल्लक ठेवायचं नव्हतं.

शनिवारी लोक कात्र्या घेऊन आले आणि स्वच्छ वाट बघून परत निघाले. मार्लिझे रांगेच्या टोकाशी उभी राहून म्हणाली, "बघा, बोललं की काम होतं." हे ओनोरिनाच्या कानावर आलं तेव्हा तिला पहिल्यांदा उमगलं, की आपण मार्लिझेचंच काम करून दिलंय.

सप्टेंबरात डोळे फुटले. कोवळी, चकचकीत पानं बोटाएवढी झाली आणि प्रत्येक फुटव्याच्या पोटात बारीक हिरवा गुच्छ दिसायला लागला. मग दक्षिणेचा थंड वारा आला, पाऊस झाला, आणि एका संध्याकाळी आभाळ एकदम निवळलं. वारा पडला. जुन्या माणसांनी चुलीत जादा लाकडं घातली.

सकाळी ओनोरिना मागच्या दाराने बाहेर आली तर दोरीवरचा देल्विनोचा सदरा फळीसारखा ताठ झाला होता. गवत पांढरं होतं. तिने शाल घेतली नाही. दोन बादल्या घेतल्या, झारी घेतली आणि उताराने चर्चकडे पळत सुटली. ऊन पडायच्या आत फुटव्यांवर पाणी मारलं, गोठलेलं हळूहळू सुटू दिलं, तर काही वाचतात. देल्विनो खिडकीतून बघत होता. त्याने बायकोला इतकं पळताना लग्नानंतर पाहिलं नव्हतं. तो कोट चढवून मागोमाग गेला आणि चर्चच्या नळावर बादल्या भरून द्यायला लागला. रांगेचा तुकडाही भिजून झाला नव्हता, तोच ऊन टेकडीवरून खाली आलं.

दुपारी फुटवे उकडलेल्या भाजीसारखे लोंबले. दुसऱ्या दिवशी काळे पडले. बोटांत धरले की चिकट पाणी सुटायचं.

रविवारी मिस्सेला जाणारा प्रत्येक माणूस त्या काळ्या रांगेतून गेला. ओनोरिना आपल्या बाकावर बसली होती. मिस्सा संपली तशी मार्लिझे तिच्यासमोर येऊन उभी राहिली. माणसं दारात थबकली.

"तू मुद्दाम केलंस," मार्लिझे म्हणाली.

"काय?"

"इतकी वर्षं ही बाई थंडी सरल्याशिवाय कात्री लावत नाही. आणि यंदा, नेमका माझा सण असताना, आधी लावते. तीही अशी, बुडापर्यंत. हिला माहीत नव्हतं? सफरचंदाच्या बागांत हिचा जन्म गेलाय."

सगळे ओनोरिनाकडे बघत होते. तिच्याकडे उत्तरं दोनच होती. एक तर म्हणायचं, की मला कळत होतं, पण रागाच्या भरात मूर्खासारखं केलं. म्हणजे मार्लिझेच्या तोंडावर, एवढ्या लोकांत, छाटणीत आपण चुकलो असं कबूल करायचं. नाहीतर मुद्दाम केलं म्हणायचं. ती उभी राहिली.

"माहीत होतं," ती म्हणाली. "मुद्दामच केलं."

एक म्हातारी मागे छातीवर क्रूस करत पुटपुटली, "डोळ्यांची संत आपली सांता लुझिया, आणि तिच्याच दारातले डोळे जाळले हिने."

ओनोरिना मान वर करून बाहेर पडली. वळणापर्यंत तिला फार बरं वाटत होतं, जणू कुस्ती मारली. वळणापलीकडे गेल्यावर ती कुंपणाच्या खांबाला धरून उभी राहिली.

गाव आधी तिला तोंडाळ म्हणायचं, आता दुष्ट म्हणायला लागलं, आणि या दोन्हींत केवढं अंतर आहे ते तिला हळूहळू समजलं. चीज न्यायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. सफरचंदांची विरळणी, म्हणजे जादा कोवळी फळं खुडणं, सुरू झाली तेव्हा टोळीची मुकादमीण म्हणाली की यंदा बायका पुरेशा आहेत. आणि त्याच दिवशी तिने रस्त्यावर दोन नवख्या पोरींना गाडीत घेतलं. चर्चच्या नळाला कुणीतरी कुलूप घातलं. सणाच्या स्वयंपाकात पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, ढवळायला वर्षानुवर्षं ओनोरिनाच असायची. त्या यादीत तिचं नावच नव्हतं.

हे सगळं तिने सोसलं. किंबहुना त्यात तिला एक कडवट चव लागली होती. दुष्ट माणसाला निदान लोक घाबरतात.

देल्विनोला मात्र सोसेना. बोचाच्या पट्टीवर तो गेला की जोड्या आधीच लागलेल्या असायच्या. त्याचा जुना भिडू निल्वो गोळ्यांकडे बघत म्हणायचा, "पुढच्या डावाला बघू." पुढचा डाव कधी यायचाच नाही. एका रविवारी तो लवकर घरी आला आणि टोपी टेबलावर टाकून म्हणाला, "तू त्यांना खरं सांग."

"काय खरं?"

"की तुझी चूक झाली."

"माझी चूक झाली असं म्हणू? छाटणीत? तिच्यासमोर?"

"मग काय झालं? चूक होते माणसाची."

"तुझी होते. रोज होते."

"मला कुणी खेळायला घेत नाही, ओनोरिना."

"मग घरी बस. कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त कर."

त्याने टोपी परत उचलली. त्या दिवशी तो कुठे गेला ते तिला नंतर कळलं. तो पट्टीवर परत गेला, डाव चालू असताना मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "माझी बायको दुष्ट नाही. मूर्ख आहे. मुद्दाम करणारी बाई भल्या सकाळी शालीवाचून बादल्या घेऊन पळत नाही. मी स्वतः नळावर उभा होतो."

नोव्हेंबरात ओनोरिना पुन्हा रांगेकडे गेली. कुणी बोलावलं नव्हतं. पण काळ्या काड्यांना आता हात लावायची वेळ झाली होती. थंडीनंतर लगेच कापायचं नसतं, झाड कुठून जगतंय ते त्यालाच दाखवू द्यायचं असतं. कामाच्या दिवशी, गाव बागांत असताना, ती एकेका झुडपापुढे गुडघ्यावर बसली. नखाने साल खरवडायची. आत हिरवं दिसलं तर काडी ठेवायची, तपकिरी दिसलं की खाली सरकायचं, परत खरवडायचं, हिरवं लागलं तिथे कापायचं. बुडातून नवे कोंब आले होते, जोमाचे, पण यंदा त्यांना फूल येणार नव्हतं. काही काड्यांच्या खालच्या डोळ्यांत मात्र जीव होता.

ती वाटेच्या मध्यापर्यंत पोहोचली होती तेव्हा दुकानाची गाडी थांबली. मार्लिझे उतरली. ओनोरिनाला वाटलं, आता कात्री हिसकावते. पण मार्लिझेने आधी मागे वळून रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं.

"देल्विनो काय सांगत फिरतोय?" तिने विचारलं.

"मला काय माहीत. त्याच्या तोंडाला मी कुलूप नाही घातलं. तुम्ही घालता कुलपं."

"तो म्हणतो तू चुकून केलंस."

ओनोरिनाच्या हातातली काडी मोडली. "असं म्हणाला तो?"

"पट्टीवर, सगळ्यांसमोर. मूर्ख म्हणाला तुला." मार्लिझे जवळ आली. "आता निल्वो आणि ते बाकीचे म्हणताहेत, की कापा म्हणून माइकवरून मार्लिझेनेच सांगितलं. शनिवारी सगळे कात्र्या घेऊन आलेच होते. हिने नसतं कापलं तर आपणच कापलं असतं. म्हणजे हिचा दोष कसला."

हा विचार ओनोरिनाच्या डोक्यातच आला नव्हता. एवढे दिवस ती आपल्या मूर्खपणावर पांघरूण घालत होती, आणि त्या पांघरुणाखाली शेजारीच मार्लिझेही झोपली होती.

"तू एकदा मुद्दाम म्हणालीस ना," मार्लिझे म्हणाली, "मग तेच धरून राहा. ते तुलाही बरं, मलाही बरं. देल्विनोला समजाव."

"नाहीतर?"

"नाहीतर काही नाही. कोमाद्रे म्हणून सांगतेय."

"बघू," ओनोरिना म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. गाडी गेल्यावर तिने ठरवलं, की मार्लिझेचं म्हणणं बरोबर आहे. त्याचाच तिला जास्त राग आला. घरी जाऊन तिने देल्विनोपुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि त्यानंतर सणापर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

सणाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. रांग हिरवी होती, गुडघ्याएवढी, आणि तिच्यात एक फूल नव्हतं. मार्लिझेने काठ्यांना निळ्या कागदाच्या झिरमिळ्या लावल्या होत्या. सभागृहामागे खड्ड्यांतल्या निखाऱ्यांवर मांस भाजत होतं आणि त्याचा वास चर्चमध्ये येत होता, त्यामुळे मिस्सेत कुणाचं लक्ष नव्हतं. ओनोरिना दाराजवळच्या बाकावर होती. देल्विनो पुढे, पुरुषांच्या बाजूला.

शेवटी मार्लिझेने माइक घेतला. फादरांचे, दाते मंडळींचे, स्वयंपाकवाल्यांचे आभार मानले. मग आवाज मऊ करून म्हणाली, "यंदा आपल्या संताला फुलं मिळाली नाहीत. का, ते सगळ्यांना माहीत आहे. पण आज सणाचा दिवस आहे. ज्यांनी हे केलं त्यांना आम्ही क्षमा केली आहे."

आणि तिने थेट दाराकडे बघून मान तुकवली.

ओनोरिनाने शिव्या ऐकल्या असत्या. मार्लिझे तिला सैतान म्हणाली असती तर ती मांस खाऊन घरी गेली असती. पण क्षमा तिच्या घशाखाली उतरेना. ती उभी राहिली आणि जो आवाज मागच्या ओळीत पाठवला गेला होता त्याला माइक लागला नाही.

"मला तुझी क्षमा नको," ती म्हणाली. "मी मुद्दाम केलं नाही. त्या दिवशी मला राग होता, अक्कल नव्हती. थंडी यायची आहे हे कळत असून कापलं. आणि ही शनिवारी कापणार होती, तुम्ही सगळे कापणार होतात, तेव्हाही हेच झालं असतं. हिला ते ठाऊक आहे. मुद्दाम केलं असंच धरून राहा, म्हणून ती मला सांगायला आली होती. रांगेपाशी. रस्त्यावर कुणी बघत नाही ना, ते बघून."

मार्लिझेचं तोंड उघडं होतं. माइकमधून तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. फादरांनी गडबडीने आशीर्वादाचा हात वर केला आणि माणसं जेवायला उठली.

ओनोरिनाजवळ कुणी आलं नाही. कुणी तिच्याकडे रागाने पाहिलंही नाही. पाहिलं ते जरा हसून, खांदे उडवून, आणि तिला तेच जास्त झोंबलं. निल्वो जाता जाता देल्विनोला म्हणाला, "जेवून ये लवकर. आमच्यात एक माणूस कमी आहे." देल्विनो लगेच गेला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसानंतर मार्लिझे तिला कोमाद्रे म्हणायची बंद झाली. वाटेत भेट झालीच तर "दोना बेर्तान" म्हणायची, परक्या बाईला म्हणावं तसं. पुढच्या कमिटीने रांग दोघींकडूनही काढून घेतली आणि नगरपालिकेच्या माळ्याकडे दिली, जो ती कुंपणासारखी चौकोनी कापतो. मार्लिझे कमिटीतून बाहेर पडली, आपण होऊन, असं ती म्हणते. चीज न्यायला बायका परत यायला लागल्या, कारण दुसरीकडे तसं चीज मिळत नव्हतं.

देल्विनोशी ओनोरिना कधीतरी पुन्हा बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "तू गप्प बसला असतास तर." तो म्हणाला, "तू आधी बोलली असतीस तर." त्यापुढे तो विषय त्या घरात निघाला नाही.

पुढच्या हिवाळ्यातही गावच्या टोळीने तिला बोलावलं नाही. मग ती पहाटेच्या बसने दूरच्या एका मोठ्या बागेत छाटणीला जायला लागली, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. मुकादम तरुण होता, नम्र होता, तिच्या हाताची चलाखी बघून खूश झाला. दुसऱ्याच दिवशी त्याने तिला सांगितलं, की सेन्योरा, इथे जरा वेगळ्या पद्धतीने कापतात. ओनोरिना शिडीवरून उतरली, कात्री खिशात घातली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दाखव बरं," ती म्हणाली. "तुला कुणी शिकवलं ते तरी कळू दे."